पेटीचं औक्षण

मनुष्याने विजेला दासी केलं, असं लढाई संपली त्या सुमारास सगळे शहाणे लोक सांगत. अमरावतीत ही दासी रोज दिवेलागणीला माहेरी जात असे. घरोघरी दिवे लागले की सगळेच एकदम पिवळे पडत, आणि शहाण्यांना पुढचं शहाणपण कंदिलाच्या उजेडात सांगावं लागे.

माळीपुऱ्यातल्या शकुनला विजेचं काही सोयरसुतक नव्हतं. उत्तमराव माळ्याची ही लेक बाजारात शेवंती विकी आणि देवळात भजन म्हणे. दोन्हींना दिवसाचा उजेड पुरत होता. त्या रविवारी फौजेचं मोडीत निघालेलं सामान विकणाऱ्याकडून तिने एक काचेची नळी घेतली, ती केवळ देखणी होती म्हणून. शेवंतीच्या ढिगात ती खोचून ठेवली, आणि थोड्याच वेळात एक उंच, घामाघूम माणूस समोर येऊन उभा राहिला. फुलांकडे त्याने पाहिलंच नाही. नळीकडे असा पाहत राहिला, की शकुनला शेवंतीच्या वतीने राग आला.

"हार पाह्यजे का?"

"नाई... तो व्हॉल्व्ह."

हा अकोल्याचा देवीदास. रेडिओ दुरुस्त करी आणि सभा-भजनांसाठी भोंग्याची यंत्रं घरीच बांधी. मायक्रोफोनमधला बारीक आवाज मोठ्या यंत्राला कळेल इतका वाढवणारी एक लहान पेटी त्याने केली होती. पेटी फर्मास होती, पण वीज जराशी खाली-वर झाली की भोंग्यातून पुक-पुक-पुक असा पिठाच्या गिरणीचा आवाज येई. हा व्हॉल्व्ह जांभळा उजळला, की पेटीला जाणारा विजेचा दाब एका जागी बांधून ठेवतो, म्हणजे गिरणी बंद. हे सगळं त्याने उन्हात उभं राहून सांगितलं. शकुनला त्यातलं निम्मं कळलं. पण स्वैपाक येतो का, हे न विचारता तिच्याशी इतका वेळ बोललेला हा पहिलाच पुरुष होता.

"पेटते का हा?"

"पेटते. जांभळा."

"मंग पेटवून दाखवा. पेटला तर तुमचा."

"आन नाई पेटला तर?"

"तर हार घ्या."

"हार घालू कोनाले?"

शकुनने शेवंतीची एक दांडी उगाचच मोडली. "थे तुमचं तुमी पाहा."

व्हॉल्व्ह पेटला. हार मात्र देवीदासने तरीही नेला, आणि पुढे दर रविवारी नेऊ लागला. अकोल्याच्या देवांची इतकी काळजी घेणारा माणूस उत्तमरावांनी आजवर पाहिला नव्हता, म्हणून त्यांनी चौकशी केली. चौकशी पुरी व्हायच्या आतच देवीदासची मावशी मनकर्णाबाई स्थळ घेऊन दारात उभी राहिली. जात जुळत होती, घर जुळत होतं. उत्तमरावांना फक्त धंदा जुळेना. मुलगी द्यायची ती जमीन असलेल्याला. अचलपूरच्या पंजाबरावांचा मुलगा त्यांनी मनात धरला होता. त्याच्याकडे संत्र्याचा बगीचा होता, आणि बगीचा पुक-पुक करत नाही.

शकुन दोन दिवस जेवली नाही, तेव्हा उत्तमराव थोडे वाकले. कार्तिकातल्या सप्ताहाच्या शेवटच्या संध्याकाळी देवळात शकुनचं भजन होतं. ते देवीदासच्या भोंग्यावर व्हावं. पंजाबराव ऐकायला यायचेच होते. यंत्राने भजन नीट पार पाडलं तर मनकर्णाबाईंना होकाराचा निरोप. अडखळलं, तर दुसऱ्या दिवशी सोयरिकीचा नारळ अचलपूरला.

आदल्या संध्याकाळी देवीदास देवळात पेटी घेऊन आला. सागवानी, पॉलिश केलेली, वर झाकण. शकुन भजन म्हणून पाहू लागली. दिवे पिवळे पडले आणि गिरणी सुरू झाली. देवीदासने झाकण उघडलं, आत वाकला... व्हॉल्व्ह जांभळा, आवाज साफ. झाकण लावलं, थोड्या वेळाने दिवे पुन्हा मिचकले, पुन्हा पुक-पुक. तीनदा असंच झालं. त्याने तारा पाहिल्या, सांधे पाहिले, जमिनीत पुरलेला खिळा उपसून पुन्हा पुरला. शेवटी तो अमरावतीच्या विजेबद्दल असं काही बोलला, की शकुनने देवाकडे पाठ केली.

"झाकन उघडंच राहू द्या न," ती म्हणाली. "त्याले अंधारात पेटाले भेव वाटत असन."

देवीदास थकलेला होता, तरी हसला. "तो व्हॉल्व्ह हाये, शकुन. त्याले काय डोये हायेत?"

 उत्तमरावांनी तर फर्मावलंच, की देवापुढे हे तारांचं आतडं दिसता कामा नये. झाकणावर त्यांनी आपलं जरीचं उपरणं पसरलं.

दुसऱ्या दिवशी देऊळ भरलं. पुढे उत्तमराव, शेजारी पंजाबराव. शकुन मायक्रोफोनसमोर बसली, डाव्या हाताला उपरण्याखालची पेटी, पेटीमागे देवीदास. त्याच्या कपाळावरून घामाचा एक थेंब निघाला होता. तो नाकापर्यंत पोचेस्तोवर शकुनचं पहिलं कडवं संपलं. स्वच्छ. दुसरंही स्वच्छ. तिने चोरून पाहिलं, त्यानेही... आणि नेमके तेव्हाच दिवे पिवळे पडले.

पुक-पुक-पुक-पुक.

"दयन आना वो, गिरनी सुरू झाली," मागून कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. उत्तमरावांचा चेहरा न हलता बंद झाला. देवीदासचा हात झाकणाकडे गेला, उपरण्याशी अडला. सासरा व्हायचा राहिलेल्या माणसाच्या जरीला हात लावायचा कसा? त्याचे डोळे शकुनकडे वळले. त्या डोळ्यांत एक अख्खं आयुष्य अचलपूरला निघालं होतं.

शकुन गातच होती. कालच्या तिन्ही वेळा तिला दिसत होत्या. झाकण उघडलं की पेटे. लावलं, आणि मग दिवे मिचकले की विझे, तो विझलेलाच. तो काही दुरुस्त करायच्या आतच पेटलेला असे. नुसता उजेड आत गेला की...

ती उठली. सूर न सोडता तिने आरतीच्या ताटातलं पेटतं निरांजन उचललं, उपरणं बाजूला सारलं, झाकण उघडलं आणि निरांजन पेटीवर धरलं. आत जांभळं फूल उमललं. पुक-पुक थांबलं.

आणि तिचा हात मात्र थांबला नाही. एकदा, दोनदा, तीनदा निरांजन गोल फिरलं.

लोकांना जिथून दिसत होतं, तिथून पेटी शकुनच्या आड गेली होती. दिसत होता तो देवीदासचा चेहरा, जांभळ्या उजेडात न्हालेला. आणि भरल्या देवळात त्याला ओवाळणारी उत्तमरावांची बिनलग्नाची लेक. हशा गिळला गेला. उरलेली दोन कडवी इतक्या शांततेत झाली, की भोंग्याची गरजच नव्हती. पंजाबरावांनी हळूच आपली टोपी शोधली, डोक्यावरच होती, आणि ते निघून गेले.

देवळामागे उत्तमरावांनी दोघांना उभं केलं. आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं.

"पेटीले ओवाळलं, का याले?"

शकुनला कळलं. पेटीला म्हटलं की सगळं धुऊन निघेल. पंजाबराव वेशीपर्यंतही पोचले नसतील, त्यांना परत बोलावता येईल. ती बोलणार, तोच देवीदास पुढे झाला.

"पेटीले, काका. व्हॉल्व्ह विझला होता, अंधारात पेटत नव्हता. तिनं कालच सांगतलं होतं, मीच हसलो. तिचा काई दोष नाई. लोकाईले मी सांगतो."

शब्दन् शब्द खरा होता. तिला वाचवण्यासाठी तो तिला गमावायला निघाला होता, आणि तेही इतक्या व्यवस्थित, की शकुनला त्याला चापट मारावीशी वाटली.

"बाबा," ती म्हणाली, "पेटी तं निरांजन धरल्याबरोबर पेटली होती."

"मंग?"

"मंग..." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मंग तीन डाव ओवाळलं, थे पेटीसाठी नव्हतं."

देवीदासने तोंड उघडलं. त्यातून पुक असंही निघालं नाही.

उत्तमराव जमिनीकडे पाहत होते. 

"मधात गिरणी चालली," शेवटी ते म्हणाले. "पन तुवा खोटं बोलून पोरीले गुतवलं नाई. आन हे पोरगी आता दुसऱ्या कोनाच्या घरी काय नांदन? मावशीले म्हणा, परवा या."

 देवीदास झटकन त्यांच्या पाया पडायला वाकला. उत्तमरावांचे पाय अनवाणी होते, आणि ते अजूनही खालीच पाहत होते.

"राहू दे, राहू दे," ते म्हणाले. "तेवढ्या तुह्या पायातल्या वहाणा काढ. माह्या हायेत."