कापडाचं दुसरं टोक

बस, सांगते. त्या दुपारी मी नदीवर निघाले ती पितळी वाटीभर तांदूळ घेऊन. नदीकाठची पायवाट नीट झाल्यापासून शहरातल्या बायका छत्र्या मिरवत तिथं फिरायला येतात. आधी जुनी पाठशाळा लागते, मग कवींचा मंडप, मग आम्हा नाम आडनावाच्यांच्या घराण्यातल्या पतिव्रतेची लाल कमान. वाट इतकी सोपी की रांगतं पोरही जाईल. तरी कमानीपाशी त्या वर्षी तिघी पाण्यात पडल्या. तिसरी मेलीच. तिच्या गळ्याभोवती वळ होता.

कमानीवर लिहिलंय, क्वॉन घराण्याच्या लेकीनं नवऱ्यामागं नदीत उडी घेतली. साफ खोटं. आमच्यात मरताना सासू सुनेला खरं सांगून जाते. त्या पोरीला माहेरी परत जायचं होतं. सासूनं तागाच्या कापडानं तिचा गळा आवळला आणि तिला नदीत लोटलं. मग राजानं तिला पतिव्रता ठरवून कमान दिली.

माझी सून बोरा, तीही क्वॉनांचीच. माझा मुलगा जाऊन चार वर्षं झाली होती. आठवड्यापूर्वी ती म्हणाली, आई, देगू शहरातल्या एकाशी लग्न करतेय. मी म्हटलं, कर बाई, सुखी हो. ते आपलं तोंडदेखलं. मनातून तिनं जाऊ नये असंच वाटत होतं.

कमानीपाशी आणखी कुणी बुडू नये म्हणून देवऋषीण मल्सुननं त्या जुन्या सुनेचा जीव पाण्यातून सोडवायची रीत सांगितली. वाटी तागाच्या लांब कापडाला बांधून पाण्यात सोडायची, बुडालेलीला हाक मारायची आणि ओढायचं. तांदळात केस आला की जीव वर आला. ओढताना मागं बघायचं नाही. बोरा मागं वीस पावलांवर, कमानीपाशी उभी होती.

"नाव काय तिचं?" मल्सुननं विचारलं.

नाव कुठलं आणायचं? आमच्या वंशावळीत बाईचं नुसतं माहेरचं आडनाव लिहितात. मी म्हटलं, "क्वॉनांची लेक, नामांची विधवा सून. एवढंच."

तिनं तीच हाक तीनदा मारली. नदीवर धुकं उतरलं, कुजक्या शेवाळाचा वास आला आणि कापड ताठ झालं. मी ओढायला लागले. काय जड होतं ते! मागं खोकल्यासारखा आवाज आला. वाटलं, बोरा रडतेय. रडू दे म्हटलं. खोटं कशाला बोलू, हातांना असा जोर चढला होता की बरं वाटत होतं. मग टाचा घासल्याचा आवाज आला... आणि काहीतरी फाटल्याचा.

"मागं बघू नका," मल्सुन पुटपुटली. "आली... आली..."

वाटी वर आली. तांदूळ लाल झाले होते. त्यात मूठभर केस होते, आखूड, तपकिरी रंगवलेले, मुळाशी कातडीसकट. असे केस आख्ख्या गावात एकट्या बोराचे.

मी वळले. बोरा कमानीच्या खांबाला टाचा रोवून दोन्ही हातांनी स्वतःचा गळा ओरबाडत होती. गळ्याभोवती काहीच नव्हतं. बोटांची नखं निघाली होती, जीभ बाहेर आली होती, कानामागून रक्ताची धार लागली होती. मल्सुन म्हणत होती, अर्ध्यात सोडू नका, वर आलेली मग परत जात नाही. मी कापड सोडलं. पण लगेच नाही. एक श्वासभर धरून ठेवलं होतं. तो श्वास मला अजून झोपू देत नाही.

ती कोसळली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, रडले, हात जोडले, म्हटलं, जा गं देगूला, आजच जा. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. लग्न झाल्यापासून मला आई म्हणणारी पोर घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"सासूबाई... या खेपेला सोडलंत?"

देगूचा माणूस दोनदा येऊन गेला. तिनं त्याला ओळखलं नाही. आता ती कुठं जायचं म्हणत नाही. रोज माझं अंथरूण तीच घालते, आणि दाराला आतून कडी लावते.