कावळ्यापुढं दिलेला शब्द

मिशी काढायला म्हणून मी कामशेतला गेलो होतो, तिथून सांगतो. म्हणजे पुढचं नीट लागेल.

सुहासच्या दुकानात त्या दिवशी गर्दी नव्हती. माझी पहिली दाढी त्याच्या बापानं केलेली. त्यामुळं तो मला मानानं बसवतो, आधी टॉवेल झटकतो आणि मग विचारतो.

"दाढी ना, आबा?"

"मिशी बी काढ."

त्याचा हात थांबला. म्हाताऱ्या माणसानं मिशी उतरवली की आमच्याकडं समजायचं, घरातलं कुणीतरी गेलं. तो हळूच म्हणाला, "कोण गेलं वो?"

"कुणी न्हाई. मशीनसाठी काढायची."

"मशीन हाय का नवी नवरी? मिशी टोचती म्हन्ती?"

"टोचत न्हाई रं. फुसफुसती."

बाकावरची माणसं हसली. मी पण हसलो. पण वस्तरा ओठावर आला तेव्हा डोळे मिटून घेतले. तरणा होतो तेव्हापासून राखलेली मिशी. धोंडाबाई, माझी बायको, गेली तेव्हासुद्धा मी ती उतरवली नव्हती. तिनंच जायच्या आधी सांगितलं होतं, "माझ्यापायी मिशी काढू नगा. न्हाईतर मला तुमी वळखू यायचे न्हाईत."

तेव्हा ते मी गमतीत घेतलं होतं.

मी घोरतो, हे सगळ्या कान्हे गावाला ठाऊक आहे. पण भीती घोरण्याची नव्हती, घोरणं थांबण्याची होती. झोपेत माझा श्वास मध्येच अडायचा. मला काही कळायचं नाही. धोंडाबाईला कळायचं. ती म्हणायची, "तुमची गाडी वाजत असती तवर मी गुमान निजती. गाडी थांबली की जागी व्हती." मग काळोखात माझ्या बरगडीत कोपर ढोसायची आणि म्हणायची, "आवो, वळा तिकडं." मी वळायचो, श्वास सुरू व्हायचा. सगळा संसार असाच झाला. मला वाटायचं, बायकांना झोप कमीच लागत असेल.

माघातल्या थंडीत तिची छाती भरली आणि ती गेली.

दहाव्याला आम्ही इंद्रायणीच्या घाटावर गेलो. आमच्याच वावरातल्या भाताचा पिंड, वर काळे तीळ. कावळे आले, घाटावरच्या शेडच्या पत्र्यावर बसले, पण खाली उतरेनात. माझा मुलगा कैलास हात जोडून म्हणाला, "आये, आबाला सांभाळीन." कावळा हलला नाही. "वर्षश्राद्ध नीट करीन." नाही. "गाय इकणार न्हाई." नाही. ऊन वर चढलं. आलेली माणसं सावली शोधायला लागली. माझा मेहुणा केरबा म्हणाला, "दर्भाचा कावळा करा आन् आटपा आता. कुटवर बसायचं?"

तेव्हा सून पुढं आली. सविता. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि पिंडाशी वाकली.

"आत्या, आबांच्या झोपंचं मनात आनू नगा. मी हाय. माझ्या वाटचा श्वास देईन, पर त्यांचा थांबू देनार न्हाई."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आतच कावळा खाली आला.

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. केरबा म्हणाला, "सून असावी तर अशी." मलाही भरून आलं. घाईच्या वेळी माणूस काहीही बोलतो, त्याचं कुणी वजन करत बसत नाही. मीही केलं नाही.

त्यानंतर रात्री माझ्या बरगडीत कोपर बसायला लागलं.

पहिल्यांदा मी झोपेतच वळलो. सवयच होती. पुन्हा झोप लागता लागता आठवलं, की ती तर आता नाही... डोळे उघडले. खाटेशी सविता उभी होती. केस सुटलेले. डोळे उघडे, पण बघणं माझ्याकडं नव्हतं.

"आवो... वळा तिकडं..."

आवाज तिचाच होता. पण सून सासऱ्याशी अशी बोलत नाही. मी भिंतीकडं वळलो आणि उजाडेपर्यंत तसाच पडून राहिलो.

सकाळी चहा देताना ती नेहमीसारखीच होती. मी विचारलं, "रात्री उठली व्हतीस का गं?"

"न्हाई की. का वो आबा?"

असं रोज होऊ लागलं. पोर वाळत चालली. भाकरी थापता थापता तिची मान लवायची. एकदा तव्यावर हात टेकला, तर कातडं सोलवटून निघालं. कैलासला वाटे, आईच्या जाण्याचं तिनं मनाला लावून घेतलंय. मला खरं ठाऊक होतं. माझा श्वास थांबायचा तेव्हा तिला उठावं लागत होतं, कारण तिनं तसा शब्द दिला होता. मग माझा श्वास थांबूनच चालणार नव्हतं.

लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडं जायला मी आधी नको म्हणत होतो. आता मीच कैलासला म्हणालो, "चल." त्यांनी अंगाला वायरी चिकटवून रात्रभर झोपवलं आणि सकाळी समजावून सांगितलं, झोपेत तुमचा घसा मिटतो, हे मशीन वारा सोडून तो उघडा ठेवील. वारा म्हणजे खोलीतलीच हवा. मागच्या जाळीतून ती आत ओढते, पाण्यावरून फिरवते आणि नळीतून नाकावरच्या मास्कमध्ये सोडते. जाताना म्हणाल्या, "लाईट गेली तर घाबरू नका. मास्कमध्ये गुदमरल्यासारखं होईल आणि जाग येईल."

मशीन घरी आलं तसं गावात झालं, हौशीरामला ऑक्सिजन लावलाय. शेजारची बयाबाई बिस्किटांचा पुडा घेऊन आली आणि पदर तोंडाला लावून बसली. मी म्हणालो, "वयनी, मी अजून हाय." ती म्हणाली, "आसू द्या वो. माणसानं वेळंत भेटून घ्यावं."

सवय व्हायला फार दिवस गेले. धावत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढलं की श्वास कसा कोंडतो, तसं व्हायचं. तोंड उघडलं की वारा घशातून बाहेर. सकाळी जीभ वाळल्या कातड्यासारखी. पट्ट्यांचे वळ गालावर. पण मला घाई नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणं दिवसा जागेपणी मास्क लावून बसायचो, रेडिओ ऐकायचो. बैलाला जू लावायच्या आधी मान सवयीची करतात, तशी मी नाकाची केली. एकच अडचण राहिली. मिशीपाशी मास्कचं रबर बसेना. तिथून वारा निसटायचा, रात्रभर फुसफुस, आणि श्वास अडला की सविता पुन्हा खाटेशी उभी.

म्हणून मिशी काढली. त्या रात्री मला शांत झोप लागली. सविताही उठली नाही. पुढंही नाही. तिच्या गालांवर मांस दिसू लागलं, ती पुन्हा गाणं गुणगुणत भांडी घासू लागली. मी रोज मशीन पुसायचो, उकळून गार केलेलं पाणी भरायचो. देवाला पाणी घालावं तसं.

मग एका रात्री नळीतून वास आला. मिश्रीचा. भाजलेल्या तंबाखूचा, कडवट. धोंडाबाई दोन्ही वेळेला मिश्री लावायची. आता आमच्या घरात कुणी लावत नाही. मी मास्क काढून खोलीत वास घेतला. काही नाही. मास्क लावला, की परत होता. अगदी जवळ. मशीनच्या जाळीशी तोंड नेऊन कुणी बसलं असेल, तर येईल तेवढा जवळ...

सकाळी सवितानं जाळी धुतली. पाणी काळं निघालं. "धूळ हाय आबा," ती म्हणाली.

गुरुवारी आमच्याकडं दुरुस्तीसाठी लाईट जाते. त्या गुरुवारी दुपार झाली तरी गेली नव्हती. कैलास आंबीला कंपनीत गेलेला. सविता पडवीत भात पाखडत होती. मी मधल्या घरात खाटेवर पडलो. डुलकी घ्यायची तरी मास्क लावायचाच, असं सांगितलेलं. सुपाचा आवाज ऐकता ऐकता डोळा लागला.

जागा झालो तो शांततेनं. पंखा थांबला होता. उशाशी मशीनचा दिवा विझलेला. लाईट गेली होती.

पण मी गुदमरत नव्हतो.

नळीतून वारा येत होता. मशीनचा वारा गार असतो, एकसारखा वाहतो. हा कोमट होता. यायचा... थांबायचा... परत यायचा. त्याला मिश्रीचा वास होता. माझी छाती त्यानं भरत होती आणि मी काही करत नव्हतो.

खाटेवरून दारातून पडवी दिसते. बाहेर लख्ख ऊन. सविता सूप धरून बसली होती, पण सुपातला दाणा हलत नव्हता. एक हात गळ्याशी. तोंड उघडं. माझी छाती भरली की तिची आत जायची, बरगड्या वर यायच्या. माझी रिकामी झाली की ती थोडा श्वास ओढायची. थोडाच. परत माझी भरायची.

ती बघत होती ती माझ्याकडं नाही. माझ्या पलीकडं, खाटेच्या भिंतीच्या बाजूला. तिथं कुणाला बसायला जागा नाही.

"आत्या..." तिचे ओठ हलले. "हळू... आत्या..."

मी मास्क ओढून काढला. पट्टा तुटला. त्याच क्षणी पडवीत सूप पडलं, दाणे उधळले आणि सविता खोकत खोकत जमिनीवर वाकली. मी धावलो. माझ्या वयाला जमेल तसा धावलो.

"काय झालं पोरी?"

"काय न्हाई आबा." ओठ निळसर झाले होते, तरी ती हसली. "जरा दम लागला. ऊन लय हाय."

मी तिच्याजवळ बसून सांडलेले दाणे वेचले. वेचलेले पुन्हा सुपाबाहेर पडत होते. तिला वाटलं, म्हातारपण.

संध्याकाळी कैलास आला. मी एवढंच म्हणालो, "लाईट गेली की मशीन बंद पडतं." तो म्हणाला, "रविवारी इन्व्हर्टर आनतो, आबा." आणेल तो. गुणाचा आहे. पण लाईटीचं काम इन्व्हर्टर करील, दिलेल्या शब्दाचं काय? धोंडाबाईनं आयुष्यात माझा श्वास थांबू दिला नाही. आता तिच्यापाशी स्वतःचा श्वास नव्हता. जो देऊ केला होता, तो ती घेत होती. तिला वाईट कसं म्हणू?

रात्रभर मी मास्क लावला नाही, झोपलोही नाही. भिंतीला टेकून बसून राहिलो. पहाटे गोठ्यामागं तीन दगड मांडून स्वतः भात शिजवला. आयुष्यात पहिल्यांदा. खाली लागला. त्याचा गोळा केला, वर काळे तीळ लावले आणि घाटावर गेलो.

घाटावर कुणी नव्हतं. नदीवर धुकं होतं. गोळा दगडावर ठेवला आणि हात जोडले.

"कैलासची आये, मी हौशीराम. पोरगी भोळी हाय, घाईत बोलली. तिचा शब्द मी परत मागतो. माझा श्वास थांबला तर थांबू दे. तिचा घेऊ नगंस."

एक कावळा आला. पत्र्यावर बसला नाही, सरळ दगडावर उतरला. भाताकडं त्यानं बघितलं नाही. मान वाकडी करून माझ्याकडं बघत राहिला. या डोळ्यानं, मग त्या डोळ्यानं. माझ्या तोंडाकडं. नकळत माझा हात ओठावर गेला. तिथं काही नव्हतं. गुळगुळीत कातडं.

"मीच हाय गं," मी म्हणालो.

मग त्यानं चोच घातली. मोठा घास उचलला. खाल्ला नाही. तसाच चोचीत धरून उडाला आणि धुक्यात कान्ह्याच्या बाजूला गेला.

शिवला तर खरं, म्हणून मी मनाची समजूत घातली. परतताना पाय हलके वाटले. वाटेत उजाडलं. बयाबाईनं अंगणातून हाक मारली, "भाऊ, इतक्या सकाळी कुटं?" मी म्हणालो, "पाय मोकळे करून आलो."

घरात आलो तर सविता तिच्या खोलीत अंथरूण काढत होती. बरी दिसत होती. खोलीची खिडकी अजून लावलेली होती, आतून.

"आबा, तुमी आल्तासा का माज्या खोलीत?"

"न्हाई गं. का?"

"हे बघा की." तिनं उशी माझ्यापुढं धरली. तिचं नाक टेकतं तिथं भाताची शितं पडली होती. खाली लागलेल्या भाताची, करपट. काळे तीळ लागलेली. "कुटून आली ही?"

माझा घास धोंडाबाईनं घेतला नव्हता, पोरीच्या नाकाशी आणून ठेवला होता. तिनं पदरानं ती शितं झटकली, माझ्या तोंडाकडं बघून हसली, आणि काहीतरी म्हणायला श्वास आत घेतला.

तो बाहेर यायची मी वाट बघत उभा राहिलो.