तेराव्या भागातला हात

पडद्यावरच्या दाजी देसाईने वहिनीच्या खांद्यांवर दोन्ही तळहात टेकवले आणि तिला सरळ खाडीत ढकलून दिलं. ते पाहताच जयराम वाघधरे खुर्चीतून उठले.

"बंद करा ते! खोटं आहे सगळं!"

ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा आवाज एवढा चढेल असं प्रयोगशाळेत कोणाला वाटलं नव्हतं. डॉ. शाल्मली देवस्थळींनी शांतपणे चित्र थांबवलं. तरुण वाघधरे पडद्यावर तसेच थिजून राहिले. मागे वळवलेले केस, पिळदार मिशा आणि पुढे आलेले ते दोन हात.

१९८६ साली दर गुरुवारी संध्याकाळी 'खाडीपलीकडचे देसाई' ही मालिका लागली की रस्ते ओस पडायचे. त्यात वाघधरे विधवा वहिनीला छळणारा दीर, दाजी झाले होते. शेवटचा, तेरावा भाग स्टुडिओत खाडीचा देखावा उभारून तिथूनच थेट दाखवला गेला, त्यामुळे त्याची फीत निघालीच नाही. आधीच्या बारा भागांच्या फितींवर पुढे दुसरे कार्यक्रम मुद्रित झाले. मालिका नष्ट झाली, पण लोकांचा राग तेवढा टिकला. टॅक्सीवाले वाघधऱ्यांना ओळखताच गाडीतून उतरवत. नाटकात त्यांनी प्रवेश केला की प्रेक्षकांतून चपला येत. दोन वर्षांत त्यांचं काम सुटलं ते कायमचं.

आता एक मनोरंजन कंपनी ती मालिका प्रेक्षकांच्या आठवणींतून पुन्हा उभी करत होती. वाघधऱ्यांनी शेवटच्या भागाला हरकत घेतली होती, म्हणून कंपनीने त्यांना पाषाणच्या या प्रयोगशाळेत बोलावलं होतं. सोबत त्यांची मुलगी कालिंदी होती. ती दाराजवळ हाताची घडी घालून उभी होती.

"चार हजार प्रेक्षकांच्या मेंदूंतून हा भाग जुळवलाय," शाल्मली म्हणाल्या. "प्रत्येकाच्या मेंदूत त्या संध्याकाळची स्मृतिरेखा असते. कोणाला साडी हिरवी आठवते, कोणाला निळी. सगळ्या रेखा एकत्र केल्या की वेगवेगळ्या चुका एकमेकींना खोडतात आणि सगळ्यांनी पाहिलेलं तेवढं उरतं."

"आणि सगळ्यांची चूक एकच असली तर?" वाघधऱ्यांनी विचारलं.

शाल्मलींनी मान्य केलं. "तर ती उरते."

"मग ऐका. पुढच्याच आठवड्यात एका साप्ताहिकाने मुखपृष्ठावर छापलं, 'दाजीनेच ढकललं!' त्या दिवसापासून प्रत्येकाला तेच दिसायला लागलं. मी ढकललं नाही. पटकथेत वहिनी खाडीकाठच्या धक्क्यावरून घसरते आणि मी तिला हात देऊन वर घेतो असं होतं. मी हात दिला, पण क्षणभर उशीर झाला, पोचला नाही. वहिनीचं काम करणाऱ्या शरयूबाई खाली पडल्या. त्यानंतर मरेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझा मेंदू वाचा! मी तिथे होतो!"

"तुमचा वाचून उपयोग नाही."

"का?"

"आठवण काढली की मेंदू ती नव्याने घडवून परत ठेवतो. घडवताना त्यात त्या दिवसाचा राग मिसळतो, कोणी बोललेलं मिसळतं. याला आम्ही स्मरणझीज म्हणतो. तुम्ही हा क्षण रोज आठवत आलात, वाघधरेसाहेब. सगळ्यांत झिजलेली स्मृती तुमचीच असणार."

"म्हणजे माझ्या दारावर शेण फेकणारे खरे आणि मी खोटा?"

"आमच्याकडे मावशी टीव्हीवर चप्पल फेकायची," शाल्मली म्हणाल्या. त्यांच्या स्वरात दिलगिरी नव्हती.

"चला बाबा," कालिंदी म्हणाली. "झालं ना समाधान?"

शाल्मलींनी तिच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. "तुम्ही पाहिला होता तो भाग?"

"नऊ वर्षांची होते मी. गोवर आला होता. सगळी कॉलनी आमच्याकडे टीव्ही बघायला जमलेली, आणि मी त्याच खोलीत कॉटवर तापाने फणफणले होते. आई म्हणायची, टक्क डोळे उघडे ठेवून बघत होतीस. मला काहीसुद्धा आठवत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

शाल्मलींचा चेहरा बदलला. "वाघधरेसाहेब, डोळ्यांनी पाहिलं असेल तर रेखा उमटलेलीच असते, माणसाला आठवो न आठवो. आणि जी एकदाही आठवली नाही ती एकदाही झिजलेली नसते. तेराव्या भागाची एकच कोरी प्रत असेल तर ती यांच्याकडे आहे."

"मला नकोय ते डोक्यात," कालिंदी ताडकन म्हणाली. "शाळेत मला 'ढकल्याची पोर' म्हणायचे. तेवढं पुरे झालं."

"कालिंदी, एवढं एकदा."

ती दारापासून बापासमोर आली. "एकदाच. पण तुम्ही ढकललेलं निघालं तर माझ्या दारात यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डोक्यावर स्मृतिवाचकाची टोपी चढवली गेली. पडद्यावर आधी पिवळट धूसर उजेड आला. मग शेजाऱ्यांच्या पाठी, लाकडी शटरचा टीव्ही, त्यातला धक्का. वहिनी घसरली. दाजीचा हात झपकन पुढे गेला आणि त्याने तिचं मनगट पकडलं. वाघधरे खुर्चीतून अर्धे उठले. हात पोचला होता! शरयूबाईंनी मान वर करून दाजीकडे पाहिलं, दुसऱ्या हाताने त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्या खाली गेल्या.

"त्यांना तो शेवट मान्यच नव्हता," वाघधरे पुटपुटले. "दुपारी दिग्दर्शकाशी भांडल्या होत्या. त्या घरात वहिनी पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हणाल्या होत्या. बाईंनी आपणच हात सोडवला, आणि मी जन्मभर समजत राहिलो की मला उशीर झाला."

शाल्मलींनी टिपण पुरं केलं. "एवढ्यावर मला शेवट बदलता येणार नाही. एकाच वाचनातलं चित्र यंत्राचा भास असू शकतं. उद्याच्या वाचनात हेच आलं पाहिजे. आजच पुन्हा वाचलं तर मेंदूला झटके येऊ शकतात. पण वाचताना स्मृती जागी झाली आहे हे लक्षात ठेवा. आता ती झिजू शकते. आज यावर दोघांनीही एक शब्द बोलू नका. कालिंदीताई, शक्य तेवढं दुसरंच काही करत राहा."

कालिंदी घरी जाऊन निमूटपणे भाजी चिरायला बसली. वाघधरेही तिच्याकडेच आले होते; पंधरा मिनिटं ते गप्प बसले. मग त्यांनी फोन उचलला.

पहिला फोन निपाणीच्या मेव्हण्याला. "माझ्यावर विश्वास नव्हता ना? आता भाचीकडून ऐक." त्यांनी फोन कालिंदीच्या कानाला लावला. तिने मान हलवली, डोळे वटारले, पण ते हटेनात. तिने सांगितलं. मग एका जुन्या नाटक कंपनीच्या मालकाला फोन गेला, मग शरयूबाईंच्या पुतण्याला. दर वेळी कालिंदीला पहिल्यापासून सांगावं लागलं.

"घट्ट धरला होता म्हण," वाघधरे मध्येच म्हणाले. "नुसतं धरला काय म्हणतेस?"

"बाबा, डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"त्या बाईला काय कळतंय? पंचेचाळीस वर्षं मी थुंकी झेलली!"

"आणि मी?" कालिंदीने सुरी खाली आदळली. "तुमच्या नावावरून माझं लग्न मोडलं, तेव्हा त्या लोकांना एक फोन केला नाहीत तुम्ही. दार लावून बसलात. आज बरे सुचतायत फोन!"

"तेव्हा माझं ऐकणारं कोण होतं?"

"मी होते! तुम्ही मलाच बाजूला सारलंत. घराबाहेर, मावशीकडे, हॉस्टेलवर. तुम्हाला मी समोर नको होते!"

वाघधरे उत्तर देणार होते, पण पुतण्याचा फोन अजून चालू होता. त्यांनी तो पुन्हा तिच्यापुढे धरला. "आधी हे पुरं कर."

तिने पुरं केलं. रागारागाने, शब्द चावत, एकेक तपशील सांगितला.

दुसऱ्या वाचनाच्या वेळी वाघधरे इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या खुर्चीत बसले. कंपनीचा माणूसही आला होता. पडद्यावर पिवळट उजेड आला, पाठी आल्या, धक्का आला. आज चित्र कालच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट होतं. वहिनी घसरली नाही, उभीच होती. दाजीचे दोन्ही हात उठले, तिच्या खांद्यांवर टेकले आणि त्यांनी तिला जोराने बाजूला सारलं.

"चार हजारांशी जुळतंय," कंपनीचा माणूस उठत म्हणाला. "कालचं चित्र भास म्हणून रद्द धरा. शेवट कायम."

शाल्मली वाघधऱ्यांकडे वळल्या. "तुम्ही तिला बोलायला लावलंत."



"तिसऱ्यांदा वाचा," कालिंदी टोपी काढत म्हणाली. "काल मी पाहिलं होतं. त्या बाईंनी स्वतः..." ती मध्येच अडखळली. तिने डोळे मिटून घेतले, पुन्हा उघडले. कपाळाला आठ्या पडल्या.

"स्वतः काय, कालिंदी?" वाघधऱ्यांनी तिचं मनगट धरलं. "सांग ना! स्वतः काय?"

तिने त्यांची बोटं सोडवायचा प्रयत्न केला नाही. नुसती त्या हाताकडे बघत राहिली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आता मलाही तुम्ही ढकलतानाच दिसताय."