दादाचा ठावठिकाणा

मशीन देतं ती उत्तरं बरोबर आहेत का, हे तपासणं माझं काम. उत्तर कुठल्या पानावरून आलं ते शोधायचं. पान सापडलं नाही तर उत्तर बाद.

दादा घर सोडून गेला तेव्हा शोधणं कष्टाचं होतं. नाव टाइप केलं की पानांची ही मोठी रांग लागायची, एकेक उघडून बघावं लागायचं. आई शेजारी बसून वाचायची. त्याच्या नावाचा एक दंतवैद्य निघाला, एक बुद्धिबळपटू निघाला, आमचा दादा काही निघाला नाही. पुढे दोन अक्षरं टाकताच उरलेलं नाव आपोआप यायला लागलं. याला आपल्या मनातलं कळतं, असं आई म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचे.

आता टाइपही करावं लागत नाही. एका दुपारी आईनं भाजी चिरता चिरता ओट्यावरच्या फोनला विचारलं, "जेवला का तो?"

"जेवला," फोन म्हणाला. "आज डावा गुडघा दुखतोय त्याचा. जिना सावकाश उतरला."

दादाचा डावा गुडघा लहानपणी सायकलवरून पडून दुखावला होता. हे कुठल्याच पानावर असणं शक्य नव्हतं.

मी ऑफिसात ते उत्तर तपासलं. पान नव्हतं. मशीन कधीकधी मनचं रचतं, असं साहेब म्हणाले. मी गुडघ्याचं सांगितलं. स्वतःचा फोन उचलून त्यांनी खणात ठेवला.

आईला म्हटलं, हे विचारणं बंद कर. "आता कुठे मला झोप लागायला लागलीय," ती म्हणाली. "एवढं राहू दे." तिचा चेहरा खरंच भरला होता.

रविवारी सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा मीच विचारलं, "दादा काय करतोय?"

"खिडकीपाशी बसून तुम्हाला शोधतोय. रोजच शोधतो."

"मग तू त्याला काय सांगतोस?"

फोन जरा थांबला. एरवी तो थांबत नाही.

"आई आणि बहीण, दोघी हयात नाहीत, असं."

मागे आई उभी होती. केसांतून पाणी ठिबकत होतं. तिनं फोन उचलून तोंडाजवळ नेला.

"कशा गेलो आम्ही?"

फोन सांगू लागला. आई ऐकत राहिली, मधूनमधून मान हलवत, एकेक गोष्ट आठवत असल्यासारखी.