कोपराखालचा हात

राहू दे तो दिवा बंद. ठमी म्हणजे माझी मेव्हणी, तुमच्या काकूची धाकटी बहीण. हे तिच्यासोबत घडलंय, आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही.

मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन म्हणून लागली होती. पहिलीच फेरी. तिसरा दिवस मावळला तरी पोटात पाणी ठरत नव्हतं. जहाज डावीकडे कललं की ही अंग ताठ करून उजवीकडे ओढायची, आणि आपटायची. तिचे वरिष्ठ, मोठे मिस्त्री, म्हणाले, "ताई, पुढच्या बंदरात उतरा. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

"उतरायचं की नाही, ते माझं मी बघते."

त्याच रात्री दोनच्या सुमाराला निरोप आला. मागच्या बोळाच्या टोकाचा दिवा गेलाय, बदलून ये. साधं काम. बल्ब खिशात घालून निघाली. लांबलचक बोळ, दोन्हीकडे लोखंडी भिंती. जहाज कललं. ठमी आदळणार, तेवढ्यात मागून कुणीतरी तिचं कोपर धरलं.

असेल कुणी खलाशी. वळून बघायची सोय नव्हती, मान वळवली की भोवळ यायची. पण हात असा भक्कम, की मळमळच थांबली. घरातल्या फरशीवर पडावेत तसे पाय पडायला लागले.

"मी आहे ना," मागून आवाज आला. "तू नुसती चाल."

बरं वाटलं हो तिला! मग लक्षात आलं... जहाज डुलतंय. हात डुलत नाहीये. जरासुद्धा. आणि तिची बाही भिजलीय.

बोळ संपला. समोर दार उघडं. बाहेर काळोख. कठडा. पाणी...

"चल."

"हात सोड."

"पडशील."

"पडेन! माझी मी पडेन. तू कोण मला सांभाळणारा?"

...

हात सुटला.

ठमी पडली. उठली. पुन्हा पडली, गुडघा फुटला. मग चिडून तिने अंगच ढिलं सोडलं. पाय फाकवले. जहाज जिकडे जाईल तिकडे गुडघ्यांना जाऊ दिलं. दार धाडकन लावलं, बल्ब बदलला, आणि त्याच बोळातून एकटी चालत परत आली. भिंतीला हात न लावता.

बंदर आलं, गेलं. ठमी उतरली नाही. पुढे सात वर्षं त्याच जहाजावर काढली.

पण त्या रात्रीनंतर सकाळी तिने केबिनचं दार उघडलं, तेव्हा मोठे मिस्त्री बोळात उभे होते. पावलं उमटली होती. अनवाणी, मिठाने पांढरी. थेट तिच्या दारापर्यंत.

जमिनीवर नव्हती...

भिंतीवर होती.