पेंढ्याचं रेडकू

कोरडगडावर उजाडलं होतं खरं, पण धुकं असं दाटलेलं की बुरुजावर उभ्या माणसाला आपल्याच भाल्याचं टोक दिसू नये. आणि त्या धुक्यात, खालून, दरवाजाच्या वाटेवर घंटा वाजायला लागल्या. म्हशींच्या गळ्यातल्या घंटा!

गडावर सगळे गवळीच, राव लखमोजींपासून पहारेकऱ्यापर्यंत. सरदार जैतपाळानं वेढा घातला त्याच दिवशी पायथ्याला चरणारा अख्खा कळप पळवला होता, तेव्हापासून गडावर पोरांना ताकाचा थेंब नव्हता. त्यामुळे घंटा ऐकल्या आणि लोक वेडेच झाले. "आल्या रे! सुटून आल्या! उघडा दरवाजा!"

सगळ्यांत मोठा आवाज हैबतचा. हैबत म्हणजे रावांचा सख्खा भाचा, दरवाजाची शिबंदी त्याच्याच हाताखाली.

गडावरची एक गवळण, ठकू, मात्र तटाला चिकटून खाली बघत होती. वाऱ्यानं धुकं जरा फाटलं. पुढं चवरी, तिचीच म्हैस, कळपाची म्होरकी. मागं शंभरेक काळ्या पाठी. आणि त्या पाठींखाली, खुरांच्या मधे मधे, माणसांचे पाय. घोंगड्या पांघरून, वाकून, म्हशींना चिकटून चालणारी माणसं!

"राव," ती कशीबशी म्हणाली, "माफी असावी, पण... पाय बघा. पाय!"

हैबत हसला. "ए बाई, उपाशीपोटी भुतं दिसायला लागली काय? मामा, हिला घरी धाडा."

पण रावांनी वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. तटावरच्या तिरंदाजांनी धनुष्यं उचलली, अन् तशीच खाली घेतली. सोडणार कुणावर? ज्यांच्या धारेवर वाढले त्यांच्यावर? गवळ्याचा हात म्हशीवर उठत नाही, आणि हे जैतपाळाला कुणीतरी घरच्यानंच सांगितलं होतं.

"दरवाजा बंदच राहू दे," राव म्हणाले. "अडसर मजबूत आहे."

तेवढ्यात खालून पहारेकरी ओरडला, "राव, अडसर करवतीनं कापलाय! अर्ध्याच्या वर! एका धक्क्यात जाईल!"

सगळ्यांच्या माना हैबतकडं वळल्या. तो मागं सरकत होता. दोघांनी झडप घालून त्याला धरला, पण आता त्याला धरून काय होणार? घंटा जवळ येत होत्या.

ठकू पळत सुटली. कुठं, ते तिलाही आधी कळलं नाही. पाय गोठ्यात घेऊन गेले. तिथं तिची तान्ही पोर फडक्यात झोपली होती, आणि शेजारी खुंटीला ते रेडकू टांगलेलं. चवरीचं रेडकू शिमग्यात मेलं तेव्हा ठकूच्या नवऱ्यानं, राणूनं, त्याच्या कातड्यात पेंढा भरून ठेवला होता. ते समोर धरलं की चवरी चाटायची, मग पान्हा सोडायची. ते घेऊन ठकू चालली की चवरी कड्यावरूनसुद्धा मागं यायची.

पोरीला उठवायची तिची हिंमत झाली नाही. रेडकू पोटाशी धरलं आणि मोठ्या दरवाजातल्या छोट्या दिंडीतून ती बाहेर पडली.

बाहेर! एकटी! दरवाजासमोरून डावीकडं पाण्याच्या टाक्याकडं कड्याची कड जात होती, एका म्हशीपुरती रुंद, खाली नुसती दरी. कळप त्या कडेला वळला, तर आडोशाची माणसं उघडी पडणार होती. आणि नाही वळला, तर ती दरवाजा आणि कळप यांच्यामधे चिरडणार होती.

"ठके!" वर बुरुजावरून राणू ओरडला. "मागं फीर! ठके!"

तिनं वर पाहिलंच नाही. बघितलं असतं तर खरंच फिरली असती. तिनं रेडकू डोक्यावर उंच धरलं आणि रोज धारेला घालायची तशी साद घातली, "चवरेऽऽ! ये गं, ये!"

धुक्यात एक घंटा थांबली. मग चवरी अशी रेकली की दरी घुमली, आणि ती धावली. मागं सगळा कळप!

ठकू रेडकू छातीशी धरून कडेवर उलटी उलटी सरकत होती, एका अंगाला कडा, टाचेखाली दगड निसटताहेत, अंगावर शिंगांचा लोंढा येतोय. कसलातरी दणका छातीशी बसला. ती पडता पडता सावरली. टाक्यापाशी मोकळी कपार होती, तिथं आत घुसली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

मागं दरवाजासमोर घोंगड्या पांघरलेली माणसं वाकलेलीच राहिली, आडोशाला एकही म्हैस नाही. तेव्हा मात्र तटावरून बाण सुटले, राणूचा सगळ्यांत पुढं. जे वाचले ते घोंगड्या टाकून धुक्यात पळाले.

ठकूनं डोळे उघडले. चवरी रेडकू चाटत होती. आचळांतून दूध आपोआप खडकावर गळत होतं. आणि रेडकाच्या पोटात, पेंढ्यात, जैतपाळाच्या माणसांचा एक बाण रुतलेला होता.

दुपारी हैबतला रावांसमोर आणलं. राव म्हणाले, "तुझ्या आईला मी काय सांगू रे?" आणि त्याला निःशस्त्र, त्याच दिंडीतून, जैतपाळाकडं चालतं केलं. त्याचं पुढं काय झालं, गडावर कुणी विचारलं नाही.

ठकूला रावांनी हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं. तिनं हात पुढं केलेच नाहीत.

"कडं नको, राव. हे रेडकू पुरायची परवानगी द्या."

"पुरलं तर ती आटेल ना, पोरी?"

"आटू दे. ती लेकरासाठी धावली, राव, आणि मी तिच्यापुढं पेंढा धरला. आता नाही फसवायची."

टाक्यापाशी खड्डा खणला, बाणासकट रेडकू ठेवलं. चवरी तिथं दोन दिवस उभी राहिली. तिसऱ्या दिवशी दूध आटलं, आणि ती आपली आपण कळपाच्या पुढं जाऊन चालू लागली.