बाल्कनीवाली खोली

जबलपूरच्या बड्या फुहाऱ्यावरच्या बाजारात, एका कापडाच्या दुकानात मी ऑफिससाठी पडद्यांचे नमुने बघत होते. शेजारचा माणूस फ्रॉकचं कापड धरून दुकानदाराशी हुज्जत घालत होता, "भैया, लड़की बढ़ रही है, थोड़ा ज़्यादा दो!" आणि मग स्वतःशीच पुटपुटला, "दर वेळी आखूड होऊन राहिला फ्रॉक."

साताऱ्याहून जबलपूरला आल्यापासून मराठी कानावर पडली की मला राहवत नसे.

"शिंप्याला माया सोडायला सांगा."

"माया?" तो वळला. डोळे असे हसरे... की मी पडद्यांकडेच बघत राहिले.

"शिवणीत दुमडलेलं जास्तीचं कापड. मूल वाढलं की उसवायचं."

"अच्छा! घरात ठेवता येते का अशी माया?"

"येते की. तोच तर माझा धंदा."

मी आर्किटेक्ट, सिव्हिल लाइन्समध्ये नोकरी. तो देवदत्त, डिफेन्सच्या फॅक्टरीत इंजिनिअर. बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली. घरी नऊ वर्षांची यशश्री, पाच वर्षांचा पियूष. जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातलं दुमजली घर त्याला असं करून हवं होतं, की मुलं वाढतील तसं बदलेल आणि दर वेळी तोडफोड नको. मी फळ्या वर सरकवता येतील अशी कपाटं काढली. वर बाल्कनीवाली खोली, तूर्त देवदत्तची. मुलांना खाली एक खोली. पुढे मधोमध सरकती भिंत.

दर रविवारी मी नकाशा घेऊन जायची. कामापेक्षा चहा जास्त व्हायचा.

"आणि मुलं शिकायला बाहेर गेली, की तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"मी काय... म्हातारा होईन."

"एकटेच?"

तो बशीत फुंकर घालत राहिला. "ते नकाशा काढणारीवर आहे."

मी त्याच्या प्रेमात पडले होते. त्या घरात मला राहायचं होतं – भाडेकरूसारखं नाही, पाहुणीसारखं नाही.

मग एका गार संध्याकाळी फाटकाशी तो अडखळत म्हणाला, "सुखदाजी, एक... ती वरची बाल्कनीवाली खोली खाली ठेवा. समजून घ्या."

त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, थंडी!

मी समजून घेतलं. रात्री मुलं जवळ हवीत म्हणून साहेबांना आपली खोली खालच्या मजल्यावर हवी असणार. मोठ्या हौसेने ती स्वयंपाकघराशेजारी आणली, आणि बाल्कनीवाली यशश्रीला अभ्यासासाठी देऊन टाकली.

त्याने नकाशा पाहिला. खूप वेळ पाहिला.

"वर यशश्री?"

"मग? एवढी छान खोली रिकामी कशाला ठेवायची?"

"अच्छा..." तो म्हणाला. "चलो. ठीक आहे."

त्या दिवसापासून मी 'मॅडम' झाले. चहा आतून यायचा, तो यायचा नाही. काय चुकलं, ते विचारायला माझा मानी स्वभाव आड आला. जळो तो स्वभाव! उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरलं. विनता, नात्यातली, शाळेत शिक्षिका. चांगली आहे. वाईट असती तर बरं झालं असतं.

शेवटची पाहणी करायला गेले, तेव्हा लग्न आठवड्यावर आलं होतं आणि विनता खाली मुलांचे कपडे लावत होती. यशश्री वर माझ्याजवळ घुटमळली.

"दीदी, पप्पा ही खोली तुमच्यासाठी खाली ठेवणार होते. तुम्ही काहून नाही म्हटलं?"

"वरची खोली... खाली?"

"खाली मतलब... रिकामी."

मी बाल्कनीचा कठडा धरला. देवदत्त जिना चढून आला. माझा चेहरा बघून त्याने यशश्रीला खाली पाठवलं.

"मला वाटलं, खोली खालच्या मजल्यावर न्यायची," मी कशीबशी म्हणाले. "मला कळलंच नाही हो. मी कधीच नाही म्हटलं नव्हतं."

त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"मग काहून विचारलं नाही?"

"तुम्ही काहून विचारलं नाही?"

तो एक पाऊल पुढे आला. "सुखदा," पहिल्यांदाच 'जी' गळून पडलं, "सांग, काय करू? तू म्हणशील ते करतो."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात खालून पियूष ओरडला, "आई, माझी निळी चड्डी कुठाय?" आणि विनताचं हसू ऐकू आलं. इतक्या महिन्यांत त्या पोराच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता.

देवदत्त अजून माझ्याकडेच बघत होता.

"जा," मी म्हटलं.

तो जिना उतरून गेला. माझं त्याने नेहमीच ऐकलं होतं.